साडूंची तीन मिनिटं

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या झपाट्याने बुद्धिबळ खेळणाराही नाही. वडीगोद्रीला हमरस्त्यालगत त्यांचं कापडाचं दुकान. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागेच बसायचे, कारण समोरून येणाऱ्या ट्रकवर कुणीतरी नजर ठेवायला हवी. आभाळ नुसतं भरून आलं तरी विजेच्या भीतीने लोखंडी मीटरपट्टी खाली ठेवायचे. मग गिऱ्हाइकाला कापड अंदाजाने आणि वीतभर जास्तच मिळायचं.

दुपारी दुकानाला कुलूप लावून ते अंबडच्या इंटरनेट कॅफेत जायचे, पुष्कळदा मलाही सोबत घेऊन. कॉम्प्युटरचं बटण मात्र कॅफेवाल्या ताईंनी दाबायचं, शॉक बसला तर? मग हे जगभरातल्या माणसांशी तीन-तीन मिनिटांचे डाव मांडायचे; ज्याची तीन मिनिटं आधी संपली, तो हरला. सावकाश का खेळत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "लाइटीचा काय भरोसा, साडूभाऊ? जिंकून राह्यलो अन् लाइट गेली, मंग? जल्दी उरकलेलं बरं!"

राजाला आधी कोपऱ्यात दडवायचं, पुढे प्याद्यांची भिंत उभी करायची. हल्ला म्हणून नाही. पण समोरचा घोडा कुठे उडी मारील, उंट कुठून डोकावेल, हे त्यांना कधीच दिसलेलं असायचं. जन्मभर संकटाची वाटच पाहिली होती ना! बिचारा प्रतिस्पर्धी भिंतीत फट शोधत राहायचा आणि त्याचं घड्याळ संपायचं.

कुठल्याशा बर्फाळ देशातला एक एकटा राहणारा म्हातारा त्यांच्याशी रोज खेळायचा. दोघांमधलं इंग्रजी ताई सांभाळायच्या. एकदा म्हाताऱ्याने ती भिंत फोडली. एका खेळीत मात होती, पण ती खेळी आलीच नाही. त्याचे सेकंद संपले आणि पडद्यावर साडूंचा विजय उमटला. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली, तर हे पांढरेफटक.

"जिंकणारा माणूस असा उठून जात न्हाई. त्याला कायतरी झालं."

"लाइट गेली असेल."

"तिकडं न्हाई जात लाइट. अन् एकला राहतो हो. पडला असला तर पाणी कोण देईन?"

त्यानंतर ते रोज जाऊन पडद्यावरच्या म्हाताऱ्याच्या विझलेल्या नावासमोर बसायचे. कुणाशी खेळणं नाही, जेवणावर वासना नाही. मी आधी हसलो. पण आठवडे लोटले तशी त्यांची भीती मलाही लागली. जो माणूस मी पाहिलाही नव्हता, तो कुठल्यातरी थंड फरशीवर पडलेला मला दिसायला लागला.

एका दुपारी ते नाव उजळलं. ताईंनी वाचून दाखवलं: छातीचं ऑपरेशन झालं, शेजारणीने वेळेवर पाहिलं म्हणून वाचलो. साडू रुमालात तोंड खुपसून रडले. लगेच डाव सुरू झाला, तर यांनी वजीर फुकट देऊन टाकला.

"अहो, हे काय?"

"त्याच्या छातीवर ताण नको."

म्हाताऱ्याचा निरोप वाचून ताईंना हसू आवरेना. "ते म्हणतात, मी आजारी होतो, मूर्ख नाही. नीट खेळ!"

पुढचा डाव साडू नीट खेळले आणि जिंकले. मग घाईघाईने ताईंना म्हणाले, "इचारा, बरं हाय ना?" उत्तर आलं, "बरा आहे. अजून एक डाव."

तेव्हापासून कुणाशीही खेळायचं तर साडू आधी ताईंकडून त्याची खुशाली विचारून घ्यायचे. इकडे त्यांचं घड्याळ पळत असायचं, आणि त्यापायी ते पुष्कळदा हरू लागले. बहुतेक जण उत्तरच द्यायचे नाहीत. साडू तरीही हात आखडून क्षणभर वाट पाहायचे.