बँडवाल्याच्या घरचं कॉलेज

बँडवाल्यांकडं किस्से का साठतात, सांगू का? आम्हाला वाट बघावी लागते! नवरदेवाची दाढी व्हायची असते, मामा रुसलेला असतो, घोडा आलेला नसतो. आम्ही लाल कोट घालून मांडवाच्या कडेला बसतो आणि बोलतो. आमचा बँड तुळजापूरचा. मास्तर म्हणजे माझे वडील, आबा. ते ट्रम्पेट वाजवतात. ढोलावर गफूरचाचा. सगळ्यात पुढं क्लॅरिनेटवर माझा दादा असायचा.

दादा गेल्यापासून मांडवाच्या कडेला दुसरा कुणाचा किस्साच निघत नाही. निघाला तरी फिरून त्याच्यावरच येतो.

*

आमच्यात कुणालाच कागदावरचं संगीत वाचता येत नाही. त्यामुळं एक पद्धत ठरलेली आहे. पुढच्यानं क्लॅरिनेटचं तोंड वर केलं की गाणं बदलायचं. कुठलं गाणं, ते त्याच्या पहिल्या दोन सुरांत कळतं. विचारायचं नाही, थांबायचं नाही.

काक्रंब्याला एका वरातीत पोरं धुरळा उडवत नाचत होती. तेवढ्यात दादाच्या नाकावर गांधीलमाशी बसली. त्यानं तिला झटकायला क्लॅरिनेट वर केली आणि दचकून दोन लांब सूर निघाले. ते नेमके नवरीच्या पाठवणीचे! सगळा बँड एका दमात पाठवणीत शिरला. नवरदेव अजून घोड्यावर, नवरी अजून मेकअपला, आणि इकडं बायकांनी पदर डोळ्याला लावले.

नवरदेवाची आई धावत आली. "आरं, अजून अक्षता पडायच्यात! आत्ताच कशापायी रडवताव?"

नाक चोळत दादा म्हणाला, "काकू, रंगीत तालीम!"

*

मी शाळा सोडली तीही ह्या बँडमुळंच. नववीत होतो. सर फळ्यावर त्रिकोण काढत होते. खालच्या रस्त्यानं आमचाच बँड चालला होता आणि दादाची क्लॅरिनेट नेमकी शाळेपुढं वर गेली. नवं गाणं सुरू झालं. माझ्या पायांना काय झालं कुणास ठाऊक! खिडकीला गज नव्हते. सरांचा तिसरा कोन व्हायच्या आत मी खाली रस्त्यावर होतो, आणि दुसऱ्या चौकात गफूरचाचांनी माझ्या हातात खुळखुळा दिला होता.

आबा एवढंच म्हणाले, "दारातनं यायचं तरी!"

चिडला तो एकटा दादा. लई चिडला. "खिडकीतनं आलास न्हाय का? आता एक दिवस त्याच खिडकीतनं आत जावं लागंल तुला. दहावी बाहेरून दे, मग कॉलेजला घालतो."

मी म्हणालो, "मला न्हाय जायचं. तू जातो तेवढं बास हाय की घरात."

*

दादाला कॉलेजला घालायचं आबांनी फार आधीच ठरवलं होतं. सोलापूरला, बी.कॉम.ला. ॲडमिशनच्या दिवशी सकाळीच एक सुपारी होती. लग्नाचं बोलावणं आलं की आम्ही त्याला सुपारीच म्हणतो. ती वाजवून आबा तसेच लाल कोटात कॉलेजवर गेले. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं, डोक्यावर टोपी.

गेटवरच्या वॉचमननं खाडकन सॅल्यूट ठोकला. आबांना सॅल्यूटची सवय. हात आपोआप वर गेला. वॉचमन पुढं पळत जाऊन दारं उघडायला लागला!

आतल्या सरांनी दादाला हळूच विचारलं, "वडील कुठल्या फोर्समध्ये आहेत?"

दादा म्हणाला, "सर, फोर्स माहीत न्हाय. पण वरातीत सगळ्यात पुढं असतात."

*

कॉलेजात दादा शेवटच्या बाकावर बसायचा. तिथं त्यानं पोरांना आमची पद्धत शिकवली. लेक्चर कंटाळवाणं झालं की हा हातातला पेन क्लॅरिनेटसारखा वर करायचा. लगेच पुढचा कुणीतरी उठायचा, "सर, तुमच्या गावाकडं पाऊस कसाय औंदा?" सर गावाकडचे. झालं! उरलेला तास विहिरी, बैल, आणि सरांच्या चुलत्यानं अडवलेला बांध.

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा सर शिकवता शिकवता थांबले. सावकाश खडू वर धरला. 

"आता मी वर केलाय," सर म्हणाले. "गाणं बदला. वह्या काढा!"

दादा हे सांगताना लोटपोट हसायचा. त्या सरांवर त्याचा फार जीव होता.

*

गफूरचाचांचं कॉलेजवर एक मत आहे आणि ते प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत निघतं. त्यांचा भाचा इंजिनिअर झाला आणि आता नळदुर्गला मोबाईलच्या काचा बदलतो.

"चार साल पढ्या, और करता क्या? काच पोछता!" चाचा म्हणायचे. "अरे बाबा, सगळ्यांला कायको कालेज? मेरेको ढोल आता, मैं ढोल बजाता. बात खतम!"

बाकीचे माना डोलवायचे. मी सगळ्यात जोरात.

दादाही पूर्ण नाही म्हणायचा नाही. त्याचे स्वतःचे दोन विषय राहिले होते. लग्नाचा सीझन आणि परीक्षा एकाच उन्हाळ्यात येतात, त्याला तो तरी काय करणार? पण एकदा पत्रावळीवरची बुंदी वेचत तो म्हणाला, "चाचा, कॉलेज वरातीसारखं हाय. सगळ्यांनीच नाचावं असं कुठाय? पण रस्त्यावर येऊन बघायला तरी मिळावं का न्हाय? बघून घरी जायचं असंल तर जावा."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "हे बेणं न बघताच घरी गेलं."

*

शेवटच्या वर्षाला असताना दादा सोलापूरहून गाडीवर परत येत होता. तामलवाडीच्या अलीकडं ट्रकनं. ह्यापुढं मला लिहिता येत नाही.

बाराव्या दिवशी आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलेजच्या वाटंवर गेलं माझं लेकरू. ह्या घरातलं आता कुणी त्या वाटंला जाणार न्हाय."

 तेव्हा गफूरचाचाच, ज्यांना कॉलेजचं नाव काढलेलं खपत नाही, ते म्हणाले, "मास्तर, लग्नाला जाताना गेला असता तर तुमी बँड बंद केला असता का?"

आबा उठून आत गेले.

*

आता माझी गंमत बघा. दादा होता तोवर मला कॉलेज नको होतं. तो गेला आणि मला कॉलेजच पाहिजे झालं. बी.कॉम. म्हणजे काय ते मला आजही सांगता यायचं नाही. मला फक्त तो शेवटचा बाक पाहिजे. त्यावर बसून त्याला समोर काय दिसायचं, ते बघायचंय.

एकदा बाजाराला म्हणून निघालो आणि सोलापूरच्या एसटीत बसलो. कॉलेजच्या गेटवर तोच वॉचमन.

"आयकार्ड?"

"भाऊ हाय," मी म्हणालो.

"कुणाचा?"

मला दादाचं नावच घेता येईना. वॉचमननं आत सोडलं नाही. बाटलीतलं पाणी मात्र दिलं. पाणी पिऊन मी परत आलो. घरी काही सांगितलं नाही. आबांना विचारायची तर बातच सोडा.

*

ह्या उन्हाळ्यात दादाच्या कॉलेजातल्या दोस्ताचं, नितीनचं लग्न होतं, आमच्याच तुळजापुरात. त्यानं घरी येऊन आबांचे पाय धरले. "बँड तुमचाच पाहिजे, आबा." आबा नाही म्हणू शकले नाहीत. वाजवायला दादानंच शिकवलेली, तो गेल्यापासून पेटीत पडलेली त्याची क्लॅरिनेट ह्या वेळी माझ्या हातात आली.

आमच्याकडं अक्षतांच्या आधी परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू, आणि वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला. परण्याचं पहिलं गाणं दादाचं ठरलेलं असायचं. मी तेच धरलं. जमलं बरं का! दादासारखं नाही, पण जमलं.

पहिला चौक आला. इथं गाणं बदलायचं असतं. माझे हात वर जाईनात.

आम्ही तेच गाणं परत वाजवलं. दुसरा चौक आला. तेच गाणं. "अरे उठाव ना!" चाचा मागून ओरडले. मी ऐकलं. पण ते गाणं संपलं की दादा संपला असं मला वाटत होतं. लाज वाटायला लागली, ओठ सुजले, डोळ्यांपुढं काही दिसेना. घोडासुद्धा कंटाळला. पद्धत म्हणजे पद्धत. पुढच्यानं वर केल्याशिवाय आमच्यात कुणी बदलत नाही. आबांनीही बदललं नाही. ट्रम्पेट तोंडाला लावून ते माझ्या पाठीमागं तेच वाजवत राहिले.

मारुती दिसायला लागला, तशी पुढं नाचणारी कॉलेजची पोरं एकाएकी थांबली. आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. एकानं खिशातला पेन काढला आणि वर धरला. मग दुसऱ्यानं. ज्यांच्याकडं पेन नव्हता त्यांनी मोबाईल वर केले, एकानं सरबताचा ग्लास, एकानं नुसतंच बोट. घोड्यावर नितीननं लिंबासकट कट्यार वर केली. कॉलेजचे ते खडूवाले सरही आले होते. ते घोड्याच्या मागून येत होते. खिशात हात घालून त्यांनी काहीतरी शोधलं, सापडलं नाही, मग चष्माच काढून वर धरला.

माझे हात वर गेले. गाणं बदललं.

देवळापुढं वाजवणं थांबलं. नवरदेव दर्शनाला आत गेला. आबा ट्रम्पेट काखेत धरून त्या पोरांकडं बघत होते.

"ही समदी त्याच्या कॉलेजातली?"

"व्हय, आबा."

"आन् ते चष्मेवाले?"

"सर हायेत त्याचे."

 आबांनी ट्रम्पेटमधलं पाणी झटकलं. कोटाची बटणं उगाच लावली, काढली, परत लावली.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या शाळंला ती खिडकी अजून हाय का रं?"