डॉक्टरच्या आधी सारवलेली भुई

डॉक्टरची सायकल अंगणात येण्याआधीच कोपऱ्यातली भुई सारवून तयार होती, असं शेजारी सांगत होते. मला तेच खटकलं. आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून सारवलेल्या भुईवर उतरवतात. मग रोगी आजच जाणार, हे घरच्यांना कोणी सांगितलं?

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. मी गोंदियाला ठाणेदार होतो. बिरसीकडचा एक शेतकरी, घशाचा कॅन्सर. डॉक्टरने मॉर्फिन, म्हणजे दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात तो गेला. प्रेत जाळून झाल्यावर भावाने रिपोर्ट दिला, डॉक्टरने ठरवून मारलं. ‘मला मोकळं करा,’ असं रोगी म्हणायचा, हे गावाला ठाऊक होतं. पण मरणाऱ्याने हात जोडले तरी कायदा सुई टोचणाऱ्याला सोडत नाही. त्याला सदोष मनुष्यवध म्हणतात. खुनाचा धाकटा भाऊच तो, जन्मठेपही होते.

“दर्द के लिए दिया, साहब. जितना देते हैं, उतना ही,” डॉक्टर खाली बघत म्हणाला. खाली बघणाऱ्यावर माझा विश्वास बसत नसे.

माझे वरिष्ठ सर्कलसाहेब म्हणाले, “सस्पिशन स्ट्राँग आहे. अटक करा.”

“भुईचं तेवढं विचारून येतो, साहेब.”

शेतकऱ्याची बायको दारातच बसली होती. “भुई कोणाच्या सांगण्यावरून सारवली?”

“कोनाच्याच नाही. थे रोज सकारी म्हनत, आज मले खाली घे. मी रोज सारवून ठेवत होती.”

मी नखाने कोपरा खरवडला. एक पोपडा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी. रोजचं एकेक सारवण; खालच्या एकावरही पाय पडलेला नव्हता.

“डॉक्टरले रोज बलावत होती,” ती म्हणाली. “थो भेऊन राहिला होता. एक दिवस आला, तं तुमी त्याले धरून राहिले.”

मी साहेबांना त्या पोपड्यांचं सांगितलं. पुराव्याअभावी केस बंद झाली. साहेबांनी कुरकुरत सही केली.

पुढे कुडवा गावात माझ्या हवालदाराची आई त्याच रोगाने तळमळत होती. मी त्याच डॉक्टरला घेऊन गेलो. त्याने नाडी बघितली आणि पुड्या दिल्या.

“आणि मॉर्फिन?”

“वो सुई अब मैं रखता नहीं, साहब.” या वेळी तो सरळ माझ्याकडे बघत होता.

फाइल बंद केली की प्रकरण मिटलं, असं आम्हा पोलिसांना वाटतं. म्हातारी त्यानंतर कितीतरी दिवस ओरडत होती.