डाव्या सीटवरचा ब्रेक

दहावीला नव्वदच्या वर मार्क पडले तर मागशील ते देईन, असं मी मुलीला म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर स्कूटी होती. फार तर मोबाईल. कॉलनीतल्या सगळ्या पोरांनी तेच मागितलं होतं. आमच्या कन्येने निकालाच्या दिवशी पेढा तोंडात असतानाच सांगितलं, "बारावी झाली की आपण युरोपात जायचं. कॅम्परव्हॅनने." कॅम्परव्हॅन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तिने मोबाईलवर दाखवलं. एका टेंपोत पलंग, शेगडी, बेसिन आणि चक्क संडास बसवलेला होता, आणि एक गोरा बाप त्याच्या पोरीबरोबर तळ्याकाठी दार उघडं टाकून अंडी तळत होता. मी म्हणालो, "बघू." बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. तिलाही कळत होतं. पण तिने दोन वर्षं ते कळलं नाही असंच दाखवलं, आणि बारावीच्या दिवाळीत एक जाडजूड वही माझ्यापुढे आणून ठेवली. अकरा दिवसांचा सगळा प्रवास तिच्यात आखलेला होता.

बायकोला विचारलं, तर तिने हात जोडले. ती शाळेत शिकवते, जूनमध्ये तिची शाळा सुरू होते, हे कारण होतंच. पण खरं कारण तिने लपवलं नाही. "तुम्ही दोघं, एक गाडी, अकरा दिवस. मला नको. मी घरी पंखा लावून शांत झोपते."

वैताग तिथून सुरू झाला. बघू म्हणत म्हणतच गाडीचं भाडं आगाऊ भरलं आणि व्हिसाचा फॉर्म भरायला एजंटकडे गेलो. चांगला माणूस, पण त्याच्या डोक्यात हॉटेल पक्कं बसलेलं.

"साहेब, हॉटेलचं नाव सांगा की."

"हॉटेल नाही. गाडीतच राहणार."

"गाडीत कसं राहतंय माणूस? मग हितं पत्ता काय टाकू?" त्याने पेन खाली ठेवलं आणि आवाज बारीक केला. "अडचण हाय का काही? टूरवाल्यांकडं हप्त्यानं पण असतंय की. पुरणपोळी देतेत तितं."

मला अडचण नव्हती. मला पुरणपोळी नको होती. मला खरं तर काहीच नको होतं, आणि तेच सगळ्यांना समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. परदेशात गाडी चालवायचा परवाना काढायला आरटीओत गेलो, तर जिथं मी रोज दुसऱ्यांची कामं घेऊन जातो तिथले लोक हसायला लागले. "मास्तर, आता तुमीच गाडीनं आठाचा आकडा काढून दाखवा."

मास्तर म्हणतात, कारण माझं सोलापुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. बावीस वर्षं झाली. शिकवायच्या गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो, मी डावीकडे, आणि माझ्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो. ॲक्सिलरेटर नसतो. म्हणजे त्या सीटवरून गाडी थांबवता येते, पळवता येत नाही. बावीस वर्षं मी तिथे बसून नव्या नवऱ्या, रिटायर झालेले हेडमास्तर, वकील, डॉक्टर अशा सगळ्यांना थांबवत आलो आहे. त्यांचा जीव मी वाचवला आणि त्यांनी माझा खाल्ला. आवाज चढतो माझा, मान्य आहे. पण समोर सिटीबस असताना प्रेमाने बोलायला कुणाला जमतं ते मला एकदा बघायचं आहे.

त्या वहीत एक कलम असं होतं की गाडी पप्पा चालवतील आणि रस्ता ती सांगेल. आणि इथेच खरी अडचण होती. ती माझ्या शेजारी बसत नव्हती.

झालं असं की जानेवारीत तिला अठरा पूर्ण झाली, लर्निंग लायसन निघालं, आणि मी तिला पहिल्यांदा शिकवायला घेतलं. चौथ्या दिवशी सात रस्ता चौकात तिने गाडी बंद पाडली. मागून हॉर्न सुरू झाले. मी क्लच-ब्रेक दोन्ही दाबले, उजवा हात लांब करून स्टिअरिंग हिसकावलं आणि जे काही बोललो ते अख्ख्या चौकाने ऐकलं. शेजारच्या रिक्षावाल्यालाही राहवलं नाही. "कायकू चिल्लारे चच्चा, नवी है बच्ची." मुलीने बेल्ट काढला, खाली उतरली आणि त्या गर्दीतून चालत घरी गेली. त्यानंतर माझ्याकडे शिकायचं नाव तिने काढलं नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या भावाकडून उरलेलं शिकली, हे मला बायकोकडून कळलं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी दुसऱ्याकडे शिकते! मी दोन दिवस जेवताना कुणाशी बोललो नाही.

घरच्या गाडीत आई नसली तरी ती मागेच बसायची, डावीकडे, तिच्या लहानपणापासूनच्या जागेवर. त्या जागेची मॅट हा आमचा आणखी एक जुना तंटा. बूट घासून घासून तिने ती विरवून टाकलेली. दोनदा बदलली, तरी पुन्हा त्याच ठिकाणी विरली. "पाय जागेवर ठेवायला काय होतं गं तुला?" असं मी शंभर वेळा म्हणालो असेन. ती खिडकीबाहेर बघत बसायची.

आता कॅम्परव्हॅनला मागे बसायला सीटच नाही. मागे पलंग आणि शेगडी. बसायचं तर पुढे, माझ्या शेजारी. ऑगस्टमध्ये ती शिकायला बाहेरगावी जाणार, मग सणावाराला चार दिवस येणार. म्हणजे हे अकरा दिवस गेले की गेले. मी तोंडाने बघू बघू करत होतो, पण आतून मला ते अकरा दिवस हवे होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

परीक्षा संपल्यावर तिने बायकोकडून खडू घेतले आणि गच्चीवर कॅम्परव्हॅन आखली. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद. पलंगाचा अर्धा भाग पाण्याच्या टाकीखाली गेला. पुढे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ड्रायव्हर डावीकडे, कारण तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. माझ्या हातात स्टिअरिंग म्हणून स्टीलची परात दिली. बायको कुरडया वाळत घालायला वर आली आणि खडूच्या रेघा बघून म्हणाली, "हे काय आहे?"

"संडास," मुलगी म्हणाली.

"मी तुमच्या संडासात कुरडया घालणार नाही. गाडी सरकवा."

गाडी सरकवली, ती कुरडया घालून खाली गेली. सकाळचे सात वाजले होते आणि सोलापूरचं ऊन तेवढ्यातही पाठ भाजत होतं. परात तापून हाताला चटके बसत होते. मी मनात म्हणत होतो, याची काही गरज आहे का? डावी सीट? माझं अर्धं आयुष्य डाव्या सीटवर गेलं. मला डाव्या सीटचं काय शिकवता?

"पप्पा, गोल चौक येतोय. तिकडे डावीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं."

"माहीत आहे."

"तुम्ही उजवीकडे बघताय."

"माहीत आहे म्हणालो ना!"

"आता तिसऱ्या रस्त्याने बाहेर. पप्पा, तिसऱ्या. हा दुसरा."

आणि पुढे काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. माझा डावा पाय खाली दाबला गेला, उजवा पाय खाली दाबला गेला, आणि उजवा हात लांब जाऊन शेजारच्या खुर्चीतली वस्तू हिसकावून आला. स्टिअरिंग त्या बाजूला असतं, या सवयीने. परात माझ्या डाव्या हातात होतीच. उजव्या हातात तिची वही होती, आणि वहीची मधली सात-आठ पानं तिच्या हातात राहिली होती. खालून बायकोचा आवाज आला, "काय झालं हो? एवढ्या मोठ्याने कोण ओरडलं?" मी ओरडलो होतो, हे मला तेव्हा समजलं.

मुलगी उठली. खडूच्या रेघांच्या आतून चालत, दार आखलं होतं तिथूनच बाहेर पडली. "रद्द करा," ती म्हणाली. "पैसे परत मिळतील ते बघा. मी येत नाही."

मी खाली आलो आणि बायकोपुढे माझी बाजू मांडली. सवय आहे, हात आपोआप जातो, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं, आजकालच्या पोरांना काही बोलायची सोय राहिली नाही. ती कुरडयांचा चीक ढवळत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही. "लोकांना लायसन पाहिजे असतं म्हणून ते बसतात तुमच्या शेजारी. तिला काय पाहिजे होतं?"

राग आला, पण कुणाचा आला ते कळेना. दुपारभर मी चिकटपट्टी घेऊन ती पानं जोडत बसलो. तिचं अक्षर बारीक आहे. कुठे पाणी भरायचं, कुठे गाडी उभी करायची, कुठे भाजी मिळते. एका पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'इथे पप्पांना दोन तास झोपू द्यायचं.' दुसऱ्या पानावर, 'इथला घाट टाळायचा, पप्पा चिडतील.' मला फार ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी वही तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. माफी मागायचं मनात होतं, पण ते जमत नाही मला. म्हणालो, "जोडली आहे. बघ." तिने पानं चाळली.

"एका अटीवर येईन," ती म्हणाली. "रविवारी घरच्या गाडीने वैरागपर्यंत. मी चालवणार, तुम्ही शेजारी. तोंड उघडायचं नाही."

"एवढंच ना?"

"आणि मांडी घालून बसायचं. पाय खाली सोडायचे नाहीत."

घरच्या गाडीला माझ्या बाजूला ब्रेक नाही, मग पायाचं काय एवढं, असं मी विचारणार होतो. पण तोंड उघडायचं नाही ही अट आताच सुरू झाली की काय, या शंकेने गप्प बसलो.

रविवारी सकाळी बार्शी रोडला लागलो. मी पुढच्या सीटवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर, सत्यनारायणाला बसल्यासारखा. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये माझ्या मनात दहा सूचना येऊन गेल्या. गियर उशिरा टाकला. आरसा बघितला नाही. बघितला, पण मी सांगितलं असतं त्यापेक्षा उशिरा बघितला. समोर एसटी आली तेव्हा माझी मांडी आपोआप सुटायला लागली. मी दोन्ही हातांनी पायांचे अंगठे धरून ठेवले.

पुढे कडब्याने भरलेला ट्रॅक्टर लागला. कडबा दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला की रस्ता दिसेना. माझ्या शिकवायच्या गाडीत कुणी असतं तर मी म्हणालो असतो, काढ, हॉर्न दे, काढ, अरे काढ ना! आणि त्याने काढली असती की लगेच ब्रेक दाबला असता. ती मात्र मागे राहिली. अंतर ठेवून, शांतपणे, चांगले तीन-चार किलोमीटर. मी रुमाल तोंडात धरला. मग वळण संपलं, समोर लांबपर्यंत रस्ता मोकळा दिसला, तेव्हा तिने सिग्नल दिला आणि अलगद पुढे गेली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी कुणालाच शिकवलं नव्हतं.

वैरागला हॉटेलसमोर गाडी थांबली तेव्हा माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. उतरलो आणि दाराला धरून तसाच उभा राहिलो. चहावाला बघत होता. "पाय धरला व्हय मालक? गाडीत मांडी घालून बसला व्हता का काय?" मुलगी जानेवारीनंतर पहिल्यांदा माझ्यासमोर खळखळून हसली.

परत येताना तिने किल्ली माझ्याकडे दिली. मी उजवीकडे बसलो, आरसा लावला, आणि ती मागचं दार उघडेल म्हणून थांबलो. तिने पुढचं उघडलं. शेजारी बसली, बेल्ट लावला, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली.

"तू कशाला?" मी विचारलं. "अट मला होती."

"तुम्ही ब्रेक नाही दाबलात ना," ती म्हणाली. "मग आता मी पण दाबत नाही."

गाडी सुरू केली. गावाबाहेर आलो तरी ते वाक्य डोक्यात फिरत होतं. समोरून एक मोटरसायकलवाला मधूनच आडवा आला, नेहमीसारखी शिवी ओठांवर आली, आणि डोळ्याच्या कडेने मला दिसलं की तिने अंगठे धरले आहेत. घट्ट. मघाशी मी धरले होते तसेच.

"मागची मॅट..." मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

पहिलीत असल्यापासून ती तिथे बसत होती. शिवी गिळली आणि मोटरसायकलवाल्याला जाऊ दिलं. मग ट्रॅक्टरला जाऊ दिलं, एसटीला जाऊ दिलं, एका शेळीवाल्याला त्याच्या सगळ्या शेळ्यांसकट जाऊ दिलं. काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. बऱ्याच वेळाने तिने अंगठे सोडले आणि वही उघडली.

"पप्पा," ती म्हणाली, "एवढं पण हळू नको. अकरा दिवसांत पहिल्या मुक्कामालाच पोचू आपण."