जाळीवरची चिंधी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्हाला सांगतोय.

परवा भाच्यानं फोनवर विचारलं, मामा, सर्व्हिसिंगला गाडी दिली की गॅरेजवाले इंजिन फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन घ्या म्हणतात — करू का? मी क्षणभरही थांबलो नाही. म्हटलं, वेळेवर तेल बदलतोस ना? मग गरज नाही. आणि जुन्या इंजिनात वर्षानुवर्षांचा मळ बसलेला असेल, तर चेंबर — इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी — उतरवून आतली जाळी साफ केल्याशिवाय फ्लशिंगच्या नादी लागू नकोस. उत्तर बरोबरच आहे. या विषयात आजही मला कुणी खोटं पाडू शकणार नाही. पण ते उत्तर माझं नाही. ज्यांचं आहे, त्यांचं मी काय केलं?

मी मूळचा साताऱ्याकडचा. सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात, देवासला कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात गाड्यांच्या देखभालीचा सुपरवायझर म्हणून लागलो. हातात डिप्लोमा, वय तिशीच्या आत. माझी थोरली बहीण धारला दिलेली. दाजी तिथं शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांचे वडील संस्थानात अधिकारी होते. त्यांच्यामागे एक काळी मोटार राहिली होती, ती दाजी जिवापाड जपायचे. तिचं सगळं काम गनी मिस्त्रींकडे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. कागद वाचता येत नव्हता, पण बंद बॉनेटवर तळहात ठेवून कुठला व्हॉल्व्ह जळलाय ते सांगायचे. मला ते आवडत नसे — का आवडत नसे, ते तुम्ही ओळखलंच असेल.

एका उन्हाळ्यात त्यांनी मोटारीचं हेड — इंजिनाचं वरचं झाकण — उघडून व्हॉल्व्ह बसवले. मी धारला गेलो होतो, बघत उभा राहिलो. म्हटलं, एवढं केलंत तर इंजिन फ्लशही करून टाका, आमच्या कारखान्यात नव्या गाड्यांना आम्ही करतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तीस वर्षांचा मळ कोपऱ्याकोपऱ्यात चिकटून बसलाय, म्हणाले, सुटला की सगळा तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाईल आणि तेल वर चढणार नाही. मग हातातलं काम न थांबवता म्हणाले, "करना ही है भिया, तो पहले चेंबर उतारना."

दाजी शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर, डिप्लोमावाल्या मला, एका अंगठेबहाद्दर माणसानं शिकवावं?

महिन्याभरानं, रविवारी, मी ते काम स्वतः केलं. अंगणात. जुनं तेल काढलं, डिझेल आणि पातळ तेल मिसळून भरलं, इंजिन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं, सगळं काढून नवं तेल ओतलं. काळंकुट्ट तेल निघालं तसं दाजी खूश झाले. चेंबर उतरवलं नाही. ताईनं पानं वाढली होती, हे एक. आणि चेंबर उतरवणं म्हणजे गनी मिस्त्रींचं ऐकणं — खरं कारण हे.

अकराव्या दिवशी ताई आणि दाजी बाग गावाला निघाले होते, छापाच्या चादरी आणायला. वाटेत इंजिन खडखडलं आणि जागेवर जाम झालं. भर उन्हात दोघं तीन तास रस्त्याकडेला बसून होती. मोटार ट्रकला बांधून घरी आणावी लागली.

मला निरोप आला, मी शनिवारी पोचलो. चेंबर उतरवलं. जाळी काळ्या गाळानं लिंपल्यासारखी बुजलेली. गनी मिस्त्री म्हणाले होते, अगदी तसं. मी काय केलं? दाजी पाणी आणायला आत गेले होते, तेवढ्यात खिशातली चिंधी काढली आणि जाळी पुसून लख्ख केली.

दाजी बाहेर आले. माझ्या हातात ती काळी, तेलानं थबथबलेली चिंधी. ते म्हणाले, "वसंतराव, ही आतून निघाली का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "हो."

हेडचं काम करताना मिस्त्री उघड्या भोकांत चिंध्या कोंबून ठेवतात, कचरा जाऊ नये म्हणून. एखादी आत राहिली, जाळीवर जाऊन बसली — पुढचं सगळं मला रचावंही लागलं नाही. दाजींनी गनी मिस्त्रींना बोलावलं. ते आले, चिंधीकडे बघत राहिले. म्हणाले, चार घातल्या होत्या, मोजून चार काढल्या होत्या. मग आम्हा दोघांकडे बघून गनी मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "पाँच होंगी."

एवढंच. भांडले असते तर कदाचित मी — नाही, तसं मी म्हणणार नाही.

धार लहान गाव. वकिलांच्या, मास्तरांच्या गाड्या त्यांच्याकडे जायच्या थांबल्या. लोक त्यांना चिंधी मिस्त्री म्हणू लागले, तोंडावरसुद्धा. आणि त्यांनी स्वतःच इंजिनाचं काम सोडलं. कुणी आलंच तर इंदूरला पाठवायचे. आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही, असं त्यांनी ताईला सांगितलं होतं. ते पंक्चर काढू लागले.

इथपर्यंतचं खोटं दाजींनी माझ्या तोंडात दिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण चार-पाच वर्षांनी गनी मिस्त्री देवासला आले. ऐंशीचं दशक लागलं होतं, मला स्वतंत्र खोली मिळाली होती. त्यांनी नोकरी मागितली नाही, गाऱ्हाणं केलं नाही. चहा घेतला. मग विचारलं, "वो चिंधी कित्ती बड़ी थी, भिया?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. मी सांगितलं असतं तर ते त्या खोलीबाहेर गेलंच असतं असंही नाही. तसा माणूस नव्हता तो. मी तर्जनीची दोन पेरं दाखवली. "इत्ती."

त्यांनी आपल्या बोटावर तेवढं माप धरलं आणि बराच वेळ बघितलं. "इत्ती तो दिख जाती है," म्हणाले. "फिर भी नहीं दिखी." मग उठले, आदाब केला आणि धारच्या बसला गेले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो होतो. फार अदबीनं.

त्याच वर्षी कारखान्यातल्या जुन्या गाड्यांसाठी मी एक सूचनापत्र काढलं: चेंबर उतरवून जाळी साफ केल्याशिवाय फ्लशिंग करू नये. मॅनेजरसाहेबांनी बैठकीत वाचून दाखवलं, अनुभवाचे बोल म्हणाले. खाली सही माझी होती. पुढे बढतीही मिळाली.

दाजी गेले. गनी मिस्त्रीही गेले; मला ते ताईच्या पत्रातून कळलं, इतर चार बातम्यांच्या मध्ये, एका ओळीत. त्यांच्या मुली धारलाच असतात. घर मला माहीत आहे. ताईकडे जाताना रिक्षा त्याच गल्लीवरून जाते, आणि त्यानंतर मी धारला कितीतरी वेळा गेलो आहे. रिक्षा मी एकदाही थांबवलेली नाही.