आबांच्या पायांचा वाफसा

माझे सासरे, आमचे आबा, गेल्या वर्षी उसाच्या सरीत पाणी देताना खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. पडले नाहीत, बसले, हे ते अजून प्रत्येकाला बजावून सांगतात. मोबाइल घरी चार्जिंगला होता. डोक्याएवढ्या उसात तासभर हाका मारल्यावर शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला ऐकू गेलं.

त्या दिवसापासून आबांचं एकट्यानं शेतात जाणं बंद झालं. ते ओसरीतल्या कॉटवर बसून कन्हेरीच्या रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टर बघायचे, अर्धी भाकरी ताटात ठेवायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. मला ते बघवेना.

शेवटी त्यांना बारामतीला व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "गुडघे ठीक आहेत आजोबांचे. मांड्यांतली ताकद गेलीय. या वयातही ती परत येते." आबांना हा अपमान वाटला. ऐन उमेदीत शंभर किलोचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस.

मी तीस वर्षं शाळेत शिकवतेय, नियम करायला मला वेळ लागत नाही. घरी आल्याबरोबर जाहीर केलं, "आबा, ज्या दिवशी कुणाचा हात न धरता जमिनीवरनं उठाल, त्या दिवसापासनं एकटे शेतात जा. पण तोवर कुणीही हात द्यायचा नाही." नवऱ्यानं मान डोलावली. आबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

सुरुवात उंच कॉटवरून. दहा वेळा उठायचं, बसायचं, आणि एक दिवस सोडून करायचं. आम्ही कामाला गेल्यावर या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी साठ वेळा केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना ओसरीची पायरी उतरवेना. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विश्रांती सांगितली, तर आबा म्हणाले, "आराम करून कुठं ताकद येती व्हय? ह्यो सगळा कामचुकारपणा हाय."

माझं डोकं फिरलं. "काल पाणी दिलेल्या रानात आज औत घालता का तुमी?"

मठ्ठ विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चिखलात औत? रान बिघडंल की. वाफसा आल्याबिगर रानात पाय घालू न्हाय." पाणी मुरून जमीन ना ओली ना कोरडी, कामाजोगी होते, तो वाफसा. एवढं शेत मलाही कळतं.

"मग पायांना नको वाफसा?"

आबांनी खाली आपल्या मांड्यांकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्यावर ते मांडी अंगठ्यानं दाबून बघायला लागले, ढेकूळ दाबून बघतात तशी. "आज न्हाय," किंवा "आज हाय वाफसा." त्यांच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

श्वासाचं मात्र जमेना. पोतं उचलायच्या सवयीनं ते उठताना श्वास कोंडून धरायचे आणि लालबुंद व्हायचे. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली: उठताना मोठ्यानं आकडा म्हणायचा, बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. मग काय, सकाळी सकाळी "येक, दोन" अख्ख्या वस्तीला ऐकू जायला लागलं. शेजारची विचारायची, "आज किती झालं आबांचं?"

कॉट सोपी झाली तेव्हा खुर्ची आली. खुर्ची सोपी झाली तेव्हा छातीशी मिठाचे दोन पुडे धरून खुर्ची. मग प्लॅस्टिकचं स्टूल. स्टुलावर एकदा गुडघ्यात कळ आली. त्यांनी ती लपवली, पण माझ्या नजरेतून चेहरा सुटत नाही. मांडी दुखली तर चालेल, सांध्यात कळ आली तर थांबायचं, असं सांगितलेलं होतं. आठवडाभर पुन्हा खुर्चीवर. आबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पुढं दोन विटांवर पाट, मग नुसता पाट.

या सगळ्या महिन्यांत मी त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभी राहायची. शिस्त म्हणून नव्हे; मोकळे असते तर माझे हात आपोआप पुढे गेले असते.

आणि एके सकाळी आबा ओसरीत जमिनीवर बसले, एक पाय पुढे घेतला, आपलाच हात आपल्या गुडघ्यावर रोवला आणि "येक" म्हणत उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते टोपी घालून, मोबाइल खिशात टाकून शेतावर गेले.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर मला राहवलं नाही. चहाचा थर्मास घेऊन शेतावर गेले. आबा बांधावर बसले होते, चारीला पाणी चालू होतं. मीही खाली बसले. चहा झाला. आबा आकडा म्हणत उठले. मी उठायला गेले, तर गुडघे ऐकेनात. तीस वर्षं फळ्यापुढं उभी आणि खुर्चीत बसलेली बाई. मी मुकाट हात पुढे केला.

आबांनी आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मास्तरीणबाई, नेम तुमचाच हाय."

राग आला आणि हसूही. पालथी झाले, बांधावर हात टेकले आणि तिसऱ्या खेपेला कशीबशी उभी राहिले. साडी चिखलानं भरली.

"उद्यापास्नं कॉट," आबा म्हणाले. "आन् मोठ्यानं मोजायचं."

मग पाणी वळवायला ते सरीत शिरले. ऊस यंदाही डोक्यावर गेला होता. आबा त्यात दिसेनासे झाले, आणि मला भीती वाटली नाही.