चार नंबरचं रिकामं ताट

मूलपेशी प्रत्यारोपणाच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ बाईंना एकोणीस वर्षं झाली होती, आणि पेशंट किती खंगलाय हे आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. बाकीचे सगळे खर्डेघाशे. ज्युनिअर डॉक्टर रोज वजन उतरवून घ्यायचा. "सलाईनचं पाणी मोजताय, डॉक्टरसाहेब," बाई नाक मुरडायच्या, "माणूस नाही." खरं म्हणजे यात त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर त्या अशा शेफारल्या होत्या. त्या दर सोमवारी टेपनं पेशंटचा दंड मोजायच्या आणि रोज दोन्ही वेळा स्वतः ताटं बघायच्या. ताटात उरलेलं दिसलं की नातेवाइकांची बिनपाण्यानं झालीच म्हणून समजा.

चार नंबरच्या खोलीतल्या बसचालकावर मात्र बाई खूश. प्रत्यारोपणाला बारा दिवस झालेले, तोंड आतून फोडांनी भरलेलं, तरी ताट लख्ख. आठवडाभर बाई तक्त्यात झोकात लिहीत होत्या, 'पूर्ण आहार'.

सोमवारी दंड अडीच सेंटिमीटर कमी भरला. बाईंनी पुन्हा मोजला. मग पायावर बोट दाबलं, तर पडलेला खळगा भरेचना. अंगात नुसतं पाणी साठलं होतं, म्हणून वजन तेवढंच दिसत होतं.

"स्वयंपाकघरातले दिवटे ताटात वाढतात तरी काय?" त्यांनी बसचालकाच्या बायकोला विचारलं.

"जेवण चांगलं असतं," ती मास्कआडून म्हणाली. "मीच खात होते."

"तुम्ही? का?"

"शेजारच्या खोलीतल्या आजोबांना तुम्ही बोललात ना, जगायचं नसेल तर खाट कशाला अडवता म्हणून? यांनी ऐकलं ते. मला म्हणाले, गिळवत नाही गं, पण बाईंना ताट रिकामंच दाखव."

बाईंना लाज वाटली, आणि तिची सवय नसल्यामुळे फार वाटली. त्या तडक डॉक्टरकडे गेल्या. चार नंबरला आजच शिरेतून पोषण सुरू करा, म्हणाल्या.

त्यानं फाईल उघडली. "पण मॅडम, तक्त्यात तर रोज पूर्ण आहार आहे."

"खोटं आहे ते. मी लिहिलंय."

डॉक्टर मान खाली घालून ऑर्डर लिहायला लागला. त्यानं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.