आयफेलमधला एक पेला दूध

जर्मनीत आखनला शिकणाऱ्या नातीने फोनवर विचारलं, "आबा, रविवारी कुठे जाऊ?" मी जवळच्या आयफेल डोंगरांतलं मोन्शाउ गाव सुचवलं. थेट बस आहे, दिवसाचा पास काढ, आणि उन्हाळा असला तरी स्वेटर घे. मी तिथे गेलो होतो साठच्या दशकाच्या सुरुवातीला, आखनला पीएचडी करत असताना.

तेव्हा दूर उत्तरेत अणुबॉम्बच्या चाचण्या चालायच्या आणि त्यांची किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर जर्मनीतल्या कुरणांवर उतरायची. तेच गवत गाई खायच्या, म्हणून आमची प्रयोगशाळा गावोगावचं दूध तपासत होती. नमुने आणायला कोण जातंय, असं विचारल्यावर मी आधी हात वर केला. फुकटात डोंगर बघायला मिळणार होते ना!

पोस्टाची पिवळी बस वळणं घेत चढली. मोन्शाउला उतरून पुढे पाऊण तास पायी. वाऱ्याला आडोसा म्हणून तिथे बीच नावाच्या झाडांची घरांएवढी उंच कुंपणं लावतात. इतकं हिरवं गवत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

शेतावर केसेलबाई वाट बघत होत्या. त्यांच्या एप्रनला धरून तीन वर्षांची आनेली उभी होती.

"बरं का, डॉक्टरसाहेब, रेडिओवर काहीबाही सांगतात. हिचं दूध महिनाभर बंद केलंय, रडते हो पोर. देऊ की नको?"

"मी अजून डॉक्टर झालो नाही. आकडे प्राध्यापकच सांगतील," मी म्हणालो. आकडे मला ठाऊक होते आणि ते वाढत होते. पण बाहेर बोलायची बंदी होती.

बाईंनी राईचा ब्रेड, चीज आणि गार दुधाचा पेला पुढे ठेवला. कुणी प्रेमाने दिलेलं नको म्हणणं आपल्याला जमत नाही. मी घटाघटा प्यायलो, वर "छान आहे" म्हणालो. बाई माझ्याकडे एकटक बघत होत्या.

घरी येऊन बायकोला, कुसुमला, सगळं हसत सांगितलं. ती आमच्या दीड वर्षाच्या मुलीसाठी दूध कालवत होती. पावडरचं दूध, चाचण्यांच्या आधी भरलेल्या डब्यातलं. तसले अकरा डबे मीच शोधून पलंगाखाली ठेवले होते.

दोन आठवड्यांनी केसेलबाईंचं पत्र आलं. 'तुम्हाला बोलता येत नव्हतं, तरी पिऊन दाखवलंत. मला कळलं. आनेलीला रोज दोन पेले देते. आभार.'

कुसुमने विचारलं, "अहो, आपल्या डब्यांचं सांगितलंत ना त्यांना?"

त्याच दिवशी बस पकडून जायला हवं होतं. मी नुसतं पत्र लिहिलं आणि तेही आधी प्राध्यापकांना दाखवलं. उगाच घबराट होईल, ते म्हणाले. मी ते फाडलं. नोकरीची, व्हिसाची भीती होती, पण ती सबब आज मला पटत नाही. मला माझीच लाज वाटते.

आनेलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसेल. आता ती साठी ओलांडलेली असेल.

काल नातीचा फोटो आला. डब्यातल्या दुधावर वाढलेल्या माझ्या मुलीची ही मुलगी. मागे तीच कुंपणं, तेच गवत, आणि तिच्या हातात पांढरा पेला. खाली लिहिलंय, "आबा, इथलं दूध कसलं भारी आहे! तुम्ही प्यायला होतात का?"

'हो' एवढंच लिहिलं आणि पाठवलं नाही. आधी हे सगळं लिहून काढलं. तिला हेच पाठवतोय.